तरंगते मळे

पांझरेच्या फडांवर पाटकरी पाणी वांटी, जागल्या पीक राखी. चोरी झालीच तर पाण्याची वा कणसांची. शेतच चोरीस जातें हें आम्हां खानदेशी लोकांस कोठून ठाऊक असणार? काश्मीरची जमाबंदी करणारे वॉल्टर लॉरेन्स यांनीं १८९५ च्या ग्रंथांत मात्र तसें नमूद केलें आहे.

दल सरोवरांत पाणकणसाचा पट्टा विणून त्यावर पाणवेली व चिखल यांचे ढीग रचितात, आणि त्यांत काकड्या, खरबुजें लावितात. त्यास तेथें राद म्हणतात. कोपऱ्यांस खुंट ठोकले कीं मळा स्थिर. ते उपटले कीं रात्रींतून नावेमागें ओढून न्यावा! मग सकाळीं तो ओळखावा कशावरून? बांध ना धुरा. तापीच्या वाळूंतील टरबुजांच्या वाड्याही अवेळीं पूर आल्यास जातात. पण तेथें फिर्याद नदीवर.