टोचन आणि टायगर : ओढसाहित्याच्या ओळखीविषयी एक टिपण

उसाच्या हंगामात वडवणीच्या परिसरात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला, की ‘टोचन लावा’ अशी हाक ऐकू येते. ‘टो चेन’ या इंग्रजी जोडशब्दाचे हे मराठी रूप होय. मूळ अर्थ ओढण्याची साखळी; परंतु साखळीऐवजी पोलादी वायररोप लावला तरी नाव टोचनच राहते. वस्तू पालटली, कार्य तेच राहिले आणि नाव कार्याला चिकटले.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांची छायाचित्रे वाचताना याच्या उलट अनुभव येतो. तेथे दिसावयास दोर सारखे, पण कार्ये निराळी. ‘टायगर’ हा रणगाडा १९४२ मध्ये रणांगणावर उतरला. त्याच्या माथ्यावर दोन्ही कडांनी, टोकांना डोळे असलेले दोन जाड पोलादी दोर असत. ओढावयाचे ते हे. पुष्कळ टायगरांच्या डाव्या कुशीवर आणखी एक बारीक, लांब दोर अडकविलेला दिसतो. तो निखळलेला वा नवा साखळीपट्टा चाकांवरून ओढून घेण्यासाठी. त्यालाही सरसकट ‘टोचन’ म्हटले, तर दुरुस्तीची खूण ही ओढून नेल्याची खूण ठरते, आणि छायाचित्रातील प्रसंगच चुकीचा वाचला जातो. तेव्हा जाडी आणि जागा दोन्ही पाहावयास हव्यात. शॅकल ओळखणे त्या मानाने सोपे : बाजूचे चिलखती पत्रे पुढे-मागे वाढवून त्यांत भोके ठेवलेली असत, त्यांतच ते बसत.

हा काथ्याकूट निरर्थक नव्हे. टायगरचे वजन सुमारे ५७ टन. तो ओढण्यास १८ टनी अर्धपट्टा-वाहने दोन-दोन, तीन-तीन जोडावी लागत. एका टायगरने दुसऱ्यास ओढू नये असा दंडक होता. निकडीच्या वेळी तो मोडलाही जाई. शत्रूच्या गोळ्याने निकामी न होताही, केवळ ओढून नेता न आल्यामुळे कित्येक जड रणगाडे त्यांच्याच सैनिकांनी उडवून दिले.

आपल्याकडील वाचकास या वजनाची कल्पना ‘मुलूख मैदान’ तोफेवरून यावी. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ सुमारे ५५ टनांची मानली जाते, म्हणजे जवळजवळ एक टायगरच! परांड्याहून विजापूरला नेताना तिला ४०० बैल व १० हत्ती जुंपले होते, असे सांगतात. आकडे परंपरेचे आहेत. पण तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे, त्यापेक्षा भक्कम पुरावा कोणता?

त्याच नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तेथे टायगर नाही. परंतु पॅटन, सेंच्युरियन, चर्चिल यांचे ओढण्याचे हूक व कड्या हाताच्या अंतरावरून पाहता येतात. जिज्ञासूने छायाचित्रांकडे वळण्यापूर्वी तेथे एक फेरी मारावी.

नावांपुरते बोलावयाचे, तर जाड दोरास ‘ओढदोर’ आणि बारकास ‘पट्टादोर’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे. शॅकलला मात्र प्रतिशब्द घडविण्याच्या खटाटोपात पडू नये.