सोन्याचा कानोसा

आमच्या गावच्या सराफकट्ट्यावर दुकानं उघडायच्या आधी झारेकरी येत. नवरा, बायको, कधी सोबत एखादं पोर. हातात कुंचा, डोक्यावर घमेलं. सोनाराच्या पायरीपुढची, गटाराच्या कडेची धूळ ते हलक्या हातानं लोटून घेत आणि नदीवर नेऊन धुवत. कानशीखालून उडालेला, कपड्याला चिकटून बाहेर आलेला सोन्याचा कण शेवटी परातीच्या तळाशी उरे. त्यांतली दोन-तीन घरं आमच्या मोहल्ल्यातली होती. परातीत काही उरलं तर त्या रात्री घरात कालवण शिजे, नाहीतर चहा आणि भाकरी. सोन्याची आणि भुकेची जवळीक मला तिथंच कळली.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ती माणसंही मातीतच सोनं शोधतात. फरक इतकाच की ती मातीचा कानोसा घेतात. कानाला हेडफोन, हातात लांब दांडी, दांडीच्या टोकाला तबकडी. वाळवंटात, उघड्याबोडक्या डोंगरांत ती तबकडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत ही माणसं दिवसभर चालतात. कानात एकसुरी गुणगुण चालू असते. ती मध्येच बदलली की थांबायचं, गुडघे टेकायचे आणि खणायचं. बहुतेक वेळा खिळा निघतो, पत्र्याचा तुकडा निघतो, बंदुकीची जुनी गोळी निघते. क्वचित सोनं.

या यंत्राला मेटल डिटेक्टर म्हणतात. रेल्वे स्टेशनच्या आणि देवस्थानांच्या दारात आपण रोज ज्या चौकटीतून जातो, तिचा हा भाऊ. तत्त्व सोपं आहे. तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलती वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या धातूला भिडलं की त्या धातूतही क्षीण वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि तिचं स्वतःचं क्षेत्र उमटतं. यंत्र ते टिपून आवाजात बदलतं.

या यंत्राचा जन्म मात्र सोन्यासाठी झाला नाही. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी अंगात राहिली आणि कुठं अडकली आहे ते कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धावून आले. वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून त्यांनी धातूजवळ नेताच आवाज करणारं उपकरण बनवलं. दोनदा ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं, पण नीट पत्ता लागला नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला आणि मुख्य डॉक्टरांनी बेलना फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. न धुतलेल्या हातांनी जखम पुनःपुन्हा चाचपली गेली, ती चिघळली आणि 19 सप्टेंबर रोजी गारफील्ड गेले. यंत्र ऐकायला तयार होतं, पण कुठं ऐकायचं हे माणसांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

पुढची पायरी रेडिओची आहे, आणि रेडिओवर बोलताना ती सांगायला मला विशेष आनंद होतो. गेरहार्ड फिशर हा जर्मनीतून कॅलिफोर्नियात आलेला अभियंता विमानांना रेडिओलहरींनी दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेवर काम करत होता. जवळपास धातूचे मोठे साठे असले की दिशा चुकते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या चुकीचाच त्यानं उपयोग करून घेतला. 1937 साली त्याला धातुशोधकाचं पेटंट मिळालं.

मग युद्ध आलं. पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तिथला एक लष्करी अभियंता, यूझेफ कोसात्स्की, स्कॉटलंडमध्ये आश्रयाला होता. 1941-42 च्या हिवाळ्यात त्यानं एका सैनिकाला हातात धरून चालता येईल असा सुरुंगशोधक तयार केला आणि पेटंट न घेता तो ब्रिटिश लष्कराला देऊन टाकला. ऑक्टोबर 1942 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात, एल अलामीनला, असे सुमारे पाचशे संच वापरले गेले. रोमेलच्या सैन्यानं तिथं लाखो सुरुंग पेरले होते. आपली चौथी इंडियन डिव्हिजन त्याच आघाडीवर रुवैसातच्या टेकाडावर उभी होती. वाळूचा कानोसा घेत वाट काढणाऱ्या त्या सैनिकांना आवाज आला तर त्याचा अर्थ मृत्यू असा होता. पुढं त्याच वाळूत तसाच आवाज आला की माणसं आनंदानं ओरडू लागली.

ती पुढची गोष्ट सोन्याच्या भावामुळं घडली. 1971 पर्यंत अमेरिकेनं सोन्याचा अधिकृत दर औंसाला 35 डॉलरवर बांधून ठेवला होता. ते बंधन सुटलं आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरपर्यंत गेला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात शंभर वर्षांपूर्वी ओस पडलेल्या खाणपट्ट्यांत लोक डिटेक्टर घेऊन पुन्हा हिंडू लागले.

तिथल्या जमिनीची ख्याती जुनी होती. 1869 साली मोलियागुल इथं डीसन आणि ओट्स या दोघांना जमिनीखाली जेमतेम बोटभर खोलीवर सोन्याचा गोळा लागला. त्यातलं शुद्ध सोनंच सत्तर किलोंहून अधिक भरलं. बँकेच्या तराजूत तो मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. मग 26 सप्टेंबर 1980 रोजी किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर या माणसाच्या यंत्रानं आवाज दिला. हातभरापेक्षा कमी खोलीवर 27 किलोंहून जड गोळा उभा रुतून बसला होता. शंभर वर्षांत कितीजण त्याच्यावरून चालत गेले असतील! अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या एका जुगारगृहानं तो दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला घेतला आणि काचेत मांडून ठेवला. ती भूमी पिढ्यान्पिढ्या ज्यांची होती, त्या जा जा वुरुंग आदिवासींना या सोन्यात वाटा कुणी विचारला नाही.

सोनं असं वरच्या वर कसं राहतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. खडकातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये ते असतं. ऊन, वारा, पाऊस यांनी लाखो वर्षांत खडक झिजतो. सोनं गंजत नाही, आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असल्यामुळं फार दूर वाहतही नाही. अधूनमधून येणाऱ्या लोंढ्याबरोबर घरंगळत ते ओघळीत, कातळाच्या भेगेत अडकतं. वाळवंटात माती धुवायला पाणी नाही, म्हणून तिथं झारेकऱ्याची विद्या चालत नाही. तिथं कानच उपयोगी. अडचण एकच होती. सोन्याच्या प्रदेशातली तांबडी माती लोहमिश्रित असते आणि जुनी यंत्रं त्या मातीलाच सोनं समजून ओरडत. 1990 च्या दशकात ॲडलेडच्या ब्रूस कँडी यांनी विजेचे ठोके सोडून, दोन ठोक्यांमधल्या शांततेत धातूचा प्रतिसाद ऐकणारी यंत्रं तयार केली. मी कवी आहे. दोन शब्दांमधल्या शांततेत अर्थ असतो, असं आम्ही म्हणतो. इथं तिथंच सोनं निघालं.

हीच यंत्रं पुढं सुदानच्या वाळवंटात पोचली. नाईल आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या त्या डोंगरांत फॅरोंच्या काळापासून खाणी आहेत. प्राचीन इजिप्तच्या भाषेत सोन्याला 'नब' म्हणत. तिथल्या खाणकामाचं वर्णन इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात अगाथार्किडीस या ग्रीक लेखकानं केलं आणि डायोडोरसनं ते पुढं आपल्या ग्रंथात घेतलं. बेड्या घातलेले कैदी, अंधाऱ्या भुयारात सरपटणारी मुलं, दगडी जात्यांवर खडक भरडणाऱ्या बायका आणि म्हातारे, असं ते चित्र आहे. नवव्या शतकात याकूबी या अरब भूगोलकारानं अल्लाकीच्या खोऱ्यातल्या सोन्याच्या वस्तीची नोंद केली. ती जाती आजही त्या डोंगरांत पडलेली आढळतात.

2008-09 च्या सुमाराला सामान्य सुदानी माणूस तिथं डिटेक्टर घेऊन उतरला. शेतकरी, मेंढपाळ, शिकलेले बेकार तरुण, सगळे. एकाला यंत्र परवडत नाही. मग पैसेवाला यंत्र आणि गाडी देतो, इतरांनी उन्हात चालायचं आणि मिळेल त्याचे वाटे करायचे. जुलै 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि देशाचं सुमारे तीन चतुर्थांश तेल त्याच्याबरोबर गेलं. सरकारचाही सगळा भार सोन्यावर आला. 2012 मध्ये दारफूरच्या जबल आमिर डोंगरात मोठं सोनं लागलं. जानेवारी 2013 मध्ये त्यावरून दोन अरब टोळ्यांत लढाई जुंपली. शेकडो माणसं मेली, लाखभर बेघर झाली. 2017 मध्ये तो डोंगर एका निमलष्करी दलानं ताब्यात घेतला. 15 एप्रिल 2023 रोजी तेच दल आणि देशाचं लष्कर यांच्यात युद्ध सुरू झालं. एक कोटीहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमागं सोन्याचा पैसा आहे.

इथं मला आमच्या धर्मशास्त्रातला एक जुना वाद आठवतो. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर त्याला 'रिकाझ' म्हणतात आणि त्यातला पाचवा हिस्सा समाजाचा असतो. मग खाणीतल्या सोन्याचं काय? हनफी पंडित म्हणाले, त्यालाही पाचवा हिस्सा लागू. शाफई म्हणाले, नेहमीच्या जकातीसारखा चाळिसावा पुरे. काझी अबू यूसुफ यांनी खलिफा हारून अल-रशीदसाठी लिहिलेल्या महसुलावरच्या ग्रंथात खाणींचा विचार आहे. आकड्यांत मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत दिसतं. जे मातीनं दिलं, ते पूर्णपणे सापडणाऱ्याचं नव्हे. जबल आमिरच्या सोन्यातला पाचवा सोडा, चाळिसावा हिस्सा जरी त्या गावांच्या विहिरींना, शाळांना मिळाला असता, तरी पुष्कळ काही वेगळं घडलं असतं, असं मला वाटतं.

हे सगळं फार दूरचं आहे, असं मनाशी म्हणता येईल. पण सुदानच्या सोन्याचा मोठा भाग दुबईला जातो, आणि दुबईहून सोनं आपल्याकडंही येतं. भट्टीत एकदा वितळलं की सोन्याला गाव उरत नाही. आमच्याही घरात लग्नकार्याला पाटल्या होतात, त्यामुळं मी कुणाकडं बोट दाखवत नाही. सोनाराची कसोटी सोन्याचा कस सांगते. 2021 पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची हॉलमार्कची खूण येते, ती शुद्धतेची हमी कुणी दिली ते सांगते. ते कुठल्या वाळवंटातून आलं, कुणाच्या कानानं ते ऐकलं, हे दोन्हींतून कळत नाही.

आमच्या सराफकट्ट्यावरचे झारेकरी अडाणी होते. पण आपल्या घमेल्यातली धूळ कुठल्या पायरीपुढची आहे, हे त्यांना ठाऊक असायचं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)