वाकड्या नळीची गोष्ट

इसवी सनापूर्वी ४०१ च्या हिवाळ्यात झेनोफन आणि त्याचे थकलेभागलेले ग्रीक सैन्य आर्मेनियाच्या बर्फातून मायदेशी परतत होते. वाटेतल्या खेड्यांत, जमिनीखाली बांधलेल्या घरांमधून, त्यांना जवाच्या मदिरेने भरलेली पात्रे आढळली. वर जव तरंगत होते, आत पेरे नसलेल्या लहानमोठ्या बोरूच्या नळ्या. तहानलेल्याने नळी तोंडात धरून ओढावे! पेय भलतेच कडक, पण सवय झाली की रुचकर, असे झेनोफन लिहून ठेवतो. सेनानीने लढायांच्या धामधुमीत हे टिपले, हे त्याचे आपल्यावर उपकारच.

नळी मात्र याहून फार जुनी. इराकातील उर येथे राणी पुआबीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात लेनर्ड वूलीला सोन्याचांदीच्या नळ्या मिळाल्या. जुनी बिअर गढूळ. वर टरफले, खाली गाळ. मधले तेवढे घ्यायचे तर नळीच हवी.

पण ओढून पिणे निराळे आणि या भांड्यातले त्या भांड्यात आपोआप उतरवणे निराळे. ही दुसरी करामत इजिप्तमध्ये थीब्सच्या थडग्यांतील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांत दिसते. अलेक्झांड्रियाच्या हेरोनने पहिल्या शतकात आपल्या ग्रंथात वाकड्या नळीचे विवेचन केले.

नळी वाहते कशाने? हा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. बाहेरची लांब बाजू जड, म्हणून द्रव खाली ओढला जातो. हवेचा दाब साधारणतः स्तंभ तुटू देत नाही. म्हणूनच पाण्याला दहा मीटरपेक्षा उंच कमान चढवता येत नाही. गंमत अशी की, ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून हवेच्या दाबानेच द्रव वाहतो असे छापले जात होते. ऑस्ट्रेलियातल्या एका भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने २०१० साली ते दाखवून दिले. नव्याण्णव वर्षे कोणाला शंका आली नाही!

आता बिअर घरी करणाऱ्याची अडचण पाहा. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ही गोष्ट मना आहे, वाचकांनी ती इतिहास म्हणूनच वाचावी.) दोनतीन आठवडे जपलेली बिअर शेवटच्या पाव तासात बिघडते. तोंडाने ओढली तर तोंडातले जंतू आत जाऊन ती आंबते. वरून धार सोडली तर हवा मिसळून तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणून नळीचे टोक खालच्या भांड्याच्या तळाशी टेकवायचे आणि वरच्या भांड्यातले गाळाच्या वर धरायचे.

इंग्लंडात घरगुती बिअरसाठी १८८० पासून परवाना लागे. एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला आणि हौशी मंडळींच्या स्वयंपाकघरांत प्लास्टिकच्या बादल्या आल्या. हल्ली दट्ट्याची नळी मिळते. एकदोनदा वरखाली केली की वाहू लागते. पण दट्ट्याची वीण झिजली की हवा ओढते आणि आतला कोपरा धुतला जात नाही. मला विचाराल तर पारदर्शक साधी नळी, एक ताठ वाकडी कांडी आणि एक चिमटा. नळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरावी, टोक चिमट्याने बंद करावे, कांडी बिअरमध्ये सोडावी, चिमटा उघडावा. आधीचे पाणी वेगळ्या पेल्यात घ्यावे. तळाची नळी काचेसारखी पारदर्शक असली की गाळ येताच दिसतो, आणि चिमटा तेव्हाच मिटता येतो.