मोजलेले दात

"भरतीला आधी छाती मोजली, मग दात," तात्याआजोबा सांगायचे. माझ्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. साताऱ्याला पोरं रांगेत उभी केली, तोंड उघडायला लावलं आणि डॉक्टरसाहेबानं एकेक दाढ तपासली. आजही सैन्यभरतीत दातांचे किमान १४ गुण लागतात. तात्यांना त्याची काय चिंता! ऊस सोलायला त्यांना कधी कोयता लागला नव्हता.

१९६५च्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा पाठीच्या कण्यात घुसला आणि कमरेखालचं अंग गेलं. पुढची गोष्ट ते तुटक सांगायचे, जास्त आजीच सांगायची.

जायबंदी जवानांशी खडकीचं नातं जुनं. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन आलेल्यांना हुन्नर शिकवायला १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरीज संस्था पुढे खडकीला आली. पाठीचा कणा दुखावलेल्यांसाठी तिथंच १९७४ साली पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. तात्या तिथं काही काळ होते. त्यांच्या एका सोबत्याचे हातही लुळे पडलेले. तो तोंडात कुंचला धरून चित्रं काढायचा. "त्याचे दात हेच त्याचे हात," तात्या म्हणायचे. दाढ ठणकली की त्याचं चित्र अर्धं राहायचं.

गावी परतल्यावर तात्यांचे दात किडू लागले. लघवीच्या त्रासावरच्या गोळ्यांनी तोंड सदा कोरडं पडायचं. लाळ दातांची राखण करते. ती आटली की कीड लागते. घरात हे कुणाला ठाऊक? आजी लवंग ठेचून दाढेत भरायची. तालुक्यातला दातांचा दवाखाना माडीवर होता, अठरा पायऱ्या चढून. एकदा आम्ही चौघांनी तात्यांना खुर्चीसकट उचललं. अर्ध्या जिन्यात माझा हात निसटला. खुर्ची कलली, तात्या पडता पडता वाचले. "पोत्यागत नका रे नेऊ मला," एवढंच म्हणाले. त्यानंतर दाताचं नाव त्यांनी काढलं नाही. भाकरी दुधात कुस्करून गिळू लागले. देशासाठी चालणं गमावलेल्या माणसाचं चावणंही आम्ही त्या जिन्यावर घालवलं, हे मला आजही सलतं.

१ एप्रिल २००३ला माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांचे डॉक्टर बसतात. आम्ही तात्यांना नेलं, ते तळमजल्यावर होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना उचलायला लावलंच नाही. त्यांच्याच चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावला, मानेमागे आधार दिला आणि तिथंच काम सुरू केलं. मधूनमधून थांबून त्या त्यांना हातांवर अंग उचलायला सांगत, बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून. गोळ्यांची चिठ्ठीही त्यांनी आधी मागून घेतली होती. हे सारं करायला फार मोठं यंत्र लागलं नाही. पण ज्यांना गाडीतही बसवत नाही, त्यांच्या दारी पेटी घेऊन डॉक्टरनंच जायला हवं, तेही दाढ सुजण्याआधी, वर्षातून दोनदा तरी. भरतीला दात मोजणाऱ्या सरकारनं पुढेही ते मोजत राहावं, एवढा या जवानांचा हक्क आहे.

कवळी बसून थोडे दिवस झाले होते. आजीनं सवयीनं ताटात भाकरी कुस्करायला घेतली. तात्यांनी हातानं ताट झाकलं.

"वहिनी, आज कोरडीच द्या."