रक्तानं दिलेली साक्ष

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण तो आपल्याच नातवंडांचा आहे.

पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं की इंजिन खडखडत नाही, हे १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजले यांनी शोधून काढलं. मग कित्येक दशकं जगभर गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडत राहिलं. आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या एल. बी. एस. मार्गावरही. श्वासातून, धुळीतून ते मुलांच्या अंगात जातं आणि वाढत्या मेंदूवर घाव घालतं. लक्ष लागत नाही, आकलन मंदावतं. मूल मात्र वर्गात धडधाकट दिसतं. प्रगतिपुस्तकात कमी गुण दिसतात, कारण दिसत नाही.

मग कळायचं कसं? रक्त तपासून. अंगात विष किती गेलं हे सांगणाऱ्या अशा खुणेला शास्त्रज्ञ बायोमार्कर म्हणतात. हवा तपासली तर फक्त हवेतलं कळतं. रक्त मात्र हवा, पाणी, अन्न, धूळ या सगळ्यांचा एकत्र हिशेब देतं. तोही अलीकडचाच. रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्मं होतं, हाडांतलं वर्षानुवर्षं मुक्काम करतं.

१९९७ मध्ये जॉर्ज फाउंडेशनच्या पाहणीत मुंबईच्या तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात दर १०० मिलीलीटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं सापडलं. तेव्हा धोक्याची रेषा हीच होती. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. २००२ मध्ये मुंबईतल्या ७५४ मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं होतं. दोन्ही वेळची मुलं वेगळी, म्हणून तुलना काटेकोर नाही. तरी एका सरकारी निर्णयाची साक्ष पोरांच्या रक्तानं दिली, हे खरंच.

पण हुरळून जाऊ नये. २००२ मधली सरासरी ८ मायक्रोग्रॅमच्या वर होती आणि अमेरिकेनं आपली रेषा २०२१ मध्ये साडेतीनवर आणली आहे. म्हणजे तेव्हा ‘ठीक’ ठरलेली बरीच मुलं आजच्या मापानं ठीक नव्हती. पेट्रोल गेलं, तरी जुन्या भिंतींचा रंग, बॅटऱ्या वितळवण्याची कामं, भेसळीची हळद आहेच. रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये.

आमच्या शाळेत डॉक्टर मुलांची उंची, वजन, दात, डोळे बघायचे. रक्तातलं शिसं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. घरात जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील आणि रांगतं बाळ असेल, तर तुम्ही तरी डॉक्टरांना एकदा विचाराच.