उदासी अंगातही उतरते : बल्खीपासून एमआरआयपर्यंत

आमच्या दुसरबीडच्या मोहल्ल्यात एक दर्जी चाचा होते. एका वर्षी त्यांचे मशीनवर पायच चालेनासे झाले. बोलणे संथ, चालणे संथ, बिर्याणीलाही चव नाही. लकवा नव्हता, ताप नव्हता. कुणी म्हणाले, ‘बाहेरचं आहे.’ कुणी म्हणाले, ‘ईमान कमजोर झालंय.’ मीही ‘चाचा, सब्र करा’ एवढेच बोलून मोकळा झालो. ती चूक आजही सलते, कारण आपला इतिहास मला तेव्हा ठाऊक नव्हता.

आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रांतात जन्मलेले अबू जैद अल-बल्खी इ. स. ९३४ मध्ये वारले. त्यांच्या ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथाचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर, तर दुसरा मनाच्या आरोग्यावर आहे. त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एकाचे कारण माहीत असते : कुणी वारले, काही गमावले. दुसऱ्याचे कारण सापडत नाही. त्यात माणसाला हालचाल नकोशी होते आणि कशातच आनंद वाटत नाही. या दुसऱ्या दुःखाचे मूळ बल्खी शरीरात, रक्तातल्या बिघाडात शोधतात आणि त्यावर शरीराचा इलाज सांगतात. पुढे इब्न सिना (मृत्यू १०३७) यांनीही ‘अल-कानून’मध्ये मालीखोलियाला आजार म्हणूनच जागा दिली.

रक्तातल्या बिघाडाची कल्पना आता मागे पडली, पण मूळ प्रश्न टिकला. मेंदूवर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत हालचालीचा पट्टा असतो आणि त्याच्या लगेच मागे स्पर्शाच्या संवेदनेचा. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी एमआरआयच्या मदतीने दाखवले, की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही डाव्या-उजव्या बाजूंचे हालचालीचे भाग एका लयीत काम करतात. पुढच्या अनेक अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांमध्ये या भागांचे आपसातले आणि इतर भागांशी असलेले संबंध बदललेले आढळले. सगळे निष्कर्ष सारखे नाहीत आणि एका स्कॅनवरून नैराश्याचे निदानही होत नाही. पण चाचांचे जड पाय हा आळस नव्हता, एवढे नक्की.

आणि ईमानाचे म्हणाल, तर मुलाच्या विरहात हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांची दृष्टी गेली, हे कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये आहे. पैगंबराचे ईमान कमजोर होते, असे कोण म्हणेल?

आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर लोक मोठ्या आशेने रुग्णांना आणतात. त्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. पण ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी, रुग्ण ठेवण्याच्या एका खासगी ठिकाणी आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण जळून गेले. ते विसरू नका. दुआ जरूर करा, सोबत डॉक्टरांकडेही न्या. सरकारच्या टेलीमानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

बल्खींनी अकराशे वर्षांपूर्वी जे ओळखले, ते आपण आपल्या मोहल्ल्यात निदान आता तरी ओळखू या.