तगाईचें मर्म

इ. स. १६७६ च्या ५ सप्टेंबरीं शिवछत्रपतींनीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस धाडलेलें पत्र संशोधकांस सुपरिचित आहे. कष्टाळू पण बैल-दाण्यावांचून अडलेल्या कुणब्यास द्रव्य द्यावें, तो सावरेल तसतसें केवळ मुद्दल उगवावें, दोन लक्ष लारींपर्यंत खर्च करावा, असा त्याचा आशय. आमच्या मतें मर्म देण्यांत नसून उगवणींत आहे. फेड लांबण्याचा भार सरकारनें शिरीं घेतला. १८८४ च्या कायद्यानें तगाईवरील व्याज नियमबद्ध झालें. २०१६ च्या पीकविमा योजनेनें खरीप धान्यास शेतकऱ्याचा हप्ता विमारकमेच्या शेंकडा २ पर्यंतच ठेवून उरलेला सरकारांवर घातला. प्रश्न जुनाच : नुकसान कोणीं सोसावें? यास्तव संग्राहकांनीं लढायांच्या कागदांइतकेच तगाईचे हिशेबही जपावे.